दुकानाचा बंद पीसी सुरतहून चालू करायला घेतलेला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू: आखाजी (अक्षय्य तृतीया) ते दिवाळीचा अनुभव

आधी कामाचं सांगते, कारण रात्री साडेदहाला पीसी उठत नाहीये आणि उद्या रिटर्नची तारीख आहे अशा वेळी कुणाला पूर्ण कहाणी वाचायला वेळ नसतो. पीसी शटडाऊन करा, दोन मिनिटं थांबा, आणि मागे जाऊन लॅनची केबल जिथे घुसते तिथला बारका लाईट बघा. हिरवा असो पिवळा असो, तो लाईट चालू असेल तर तुमचा पीसी नेटवरून उठायची आशा आहे. तो विझलेला असेल तर मोबाईलमधलं अ‍ॅप बदलून, राउटर बदलून, रास्पबेरी पाय नावाचा बारका कॉम्प्युटर घेऊन, काही म्हणजे काहीही उपयोग नाही, आधी तो लाईट का विझला ते शोधा. मला हे कळायला जवळजवळ तीन महिने गेले म्हणून एवढं लिहून राहिले.

आमच्या आप्पांचं अमळनेरला कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, औषधं. मी लग्न होऊन सुरतला उधन्याला, पण दुकानाचा हिशेब लग्नाआधीपासून माझ्याकडे आणि तो मला सोडायचा पण नाहीये. दिवसभर त्या पीसीवर पोरगा बिलं काढतो, तेव्हा मी मध्ये घुसले तर त्याचं गिऱ्हाईक खोळंबतं. जून महिन्यात कपाशीच्या पाकिटांसाठी सकाळी सातपासून लोक उभे असतात, त्यावेळी कुणाला म्हणणार थांबा, ताईला टॅली बघायचंय. म्हणून माझं काम रात्री, लेकरं झोपल्यावर. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, त्याच्या आधीच्या दोनचार रात्री जागायचं ठरलेलंच. आणि आप्पा आठला शटर ओढताना पीसी बंद करतात. चालूच ठेवा म्हणायचं मला पटत नाही, मे महिन्यात आमच्याकडे ४४-४५ डिग्री असतं, पत्र्याच्या दुकानात बंद शटरच्या आत रात्रभर मशीन तापत ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. घर दुकानापासून दोन किलोमीटर, रात्री दहाला त्यांना स्कूटरवर पाठवणं मला जमणार नाही.

वेक-ऑन-लॅन, म्हणजे बंद पीसी नेटवर्कवरून चालू करायची सोय, नवीन नाहीये, जादूच्या पॅकेटची (मॅजिक पॅकेट) कल्पना एएमडी कंपनीने १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये कागदावर मांडली होती आणि आज बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती असते, फक्त कुणी चालू केलेली नसते. पीसी बंद असला तरी लॅन कार्डाला थोडी वीज मिळत राहते आणि ते कान देऊन बसलेलं असतं. साध्या एटीएक्स पॉवर सप्लायमध्ये ही वीज जांभळ्या वायरीतून येते, ५ व्होल्ट, पीसी बंद असतानाही. नेटवर्कवर एक छोटं पॅकेट येतं, त्यात आधी सहा वेळा एफएफ आणि मग त्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा नंबर) सोळा वेळा, सगळं मिळून १०२ बाईट. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एकाच माणसाचं नाव सोळा वेळा घ्यावं तसं, ज्याचं नाव त्यानेच उठायचं. आणि ही हाक ऐकली का नाही ते हाक मारणाऱ्याला कळतच नाही, उलट उत्तर काही येत नाही. अ‍ॅप म्हणतं पाठवलं, म्हणजे फक्त पाठवलं. मॅक चुकीचा टाकला तरी पाठवलंच म्हणतं. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढची सगळी खटपट यामुळेच आंधळेपणाने करावी लागते.

पाय घ्यायच्या आधी मी राउटरमधून पोर्ट ९ फॉरवर्ड करून बघितलं होतं, म्हणजे बाहेरून त्या नंबरच्या दारावर आलेलं पॅकेट राउटरने पीसीकडे पाठवायचं. तेव्हा पीसी नुसता स्लीपमध्ये ठेवलेला असायचा. सुरतहून मोबाईलवरून पॅकेट टाकलं आणि पीसी चालू झाला, मी इतकी खुश की लगेच आप्पांना फोन लावला. दुसऱ्या रात्री नाही झाला. तिसऱ्या दिवशी आप्पांनी स्लीप केल्या केल्या टाकलं तर झाला, अर्ध्या तासाने टाकलं तर नाही. असं लहरीसारखं चाललं की आपण मशीनला दोष देतो, पण कारण साधं आहे. कुठल्या आयपीचा (नेटवर्कवरच्या पत्त्याचा) कुठला मॅक हे राउटर थोडा वेळच लक्षात ठेवतो, पीसी बंद झाला की काही मिनिटांत ती नोंद पुसली जाते, मग बाहेरून आलेलं पॅकेट कुठल्या दारात टाकायचं ते त्याला समजत नाही आणि तो ते टाकून देतो. काही राउटरमध्ये ही नोंद कायमची करता येते किंवा पॅकेट सगळ्या घरभर ब्रॉडकास्ट करता येतं, आमच्या राउटरमध्ये दोन्ही नव्हतं. मग मार्चमध्ये कनेक्शन बदलून फायबर घेतलं आणि उरलंसुरलं पण बंद झालं. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला तर समजायचं की तुमच्यासारख्या पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय, बाहेरून तुमच्या दारापर्यंत थेट कुणी येऊ शकत नाही. नेटवाला म्हणाला वेगळे पैसे भरा, स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) देतो. पैसे भरून सुद्धा ती लक्षात ठेवायची अडचण तशीच राहणार होती, म्हणून नाही घेतला.

हाक मारणारा आतलाच पाहिजे, एवढं तिथे ठरलं. दुकानातच कायम जागं राहणारं काहीतरी. म्हणून हा पाय झीरो २ डब्ल्यू. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला बोर्ड, तेव्हा किंमत १५ डॉलर सांगितली होती, मला इथे बोर्ड, मेमरी कार्ड, चार्जर, प्लास्टिकची डबी सगळं मिळून तीन हजाराच्या आत पडलं. आकार ६५ बाय ३० मिलिमीटर, म्हणजे तळहातावर ठेवला तर बोटांपर्यंत पण पोचत नाही, रॅम ५१२ एमबी. एवढ्या कामाला ती भरपूर आहे. लॅनचं भोक नाही याला, वायफाय आहे आणि ते पण फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, तुमच्या राउटरवर फक्त ५ चालू असेल तर हा सापडणारच नाही. वायफायवरून पाठवलेलं पॅकेट राउटरमधून लॅनच्या केबलीत जातं, त्यात अडचण नाही, पण पायला गेस्ट वायफायवर जोडू नका, तिथून बऱ्याचदा आतल्या मशीन दिसत नाहीत. उठवणारा वायफायवर चालतो पण उठणारा चालत नाही हे पण लक्षात ठेवा. आमचा पीसी अगदी सुरुवातीला, राउटरच्या खटपटीच्याही आधी, यूएसबीच्या वायफाय डोंगलवर होता आणि मी पहिले दोन दिवस त्या डोंगलचाच मॅक टाकून राहिले होते. शटडाऊन झाल्यावर डोंगल मेलेलं, ते कसं ऐकणार. शेवटी खताच्या गोण्यांच्या मागून बारा मीटर केबल ओढली तेव्हा कुठे सुरुवात झाली.

आखाजीला माहेरी आले तेव्हा बसवला. बाकीच्या मुली झोक्यावर आणि मी दुकानात काउंटरखाली, आईला ते काही आवडलं नाही. पायवर टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, ते घरगुती वापराला फुकट आहे आणि त्यामुळे स्टॅटिक आयपी नसतानाही माझा मोबाईल सुरतहून थेट पायपर्यंत पोचतो. एक गोष्ट आठवणीने करा, त्यात मशीनची चावी १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते, पायसाठी ती मुदत बंद करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ऐन तारखेला दार बंद सापडेल. मी पहिल्याच दिवशी बंद केली. वेकऑनलॅन नावाची छोटी कमांड टाकली, पुढे मॅक लिहिला, झालं. पाय बसवायला एक दुपार लागली. जून, जुलै, ऑगस्ट गेले ते पीसीत.

मी दुकानात असताना पीसी स्लीपमधून उठत होता, शटडाऊनमधून नाही. हे फार लोकांना होतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आलीय, शटडाऊन केलं की मशीन खरं शटडाऊन होत नाही, अर्धवट झोपतं म्हणजे सकाळी लवकर उठतं, आणि अशा बंद होण्यात विंडोज मुद्दाम लॅन कार्डाला जागं ठेवत नाही. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाने काय करायचं ते पान, तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढायची. खात्री करायची असेल तर कमांडमध्ये शटडाऊन स्लॅश एस लिहून बंद करून बघा, तसं केलं की पूर्ण बंद होतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डावर जाऊन पॉवर मॅनेजमेंटमध्ये या यंत्राला पीसी उठवू द्या आणि फक्त मॅजिक पॅकेटनेच उठवा या दोन्ही टिका करा, दुसरी नाही केली तर नेटवर्कवर कुणी काही विचारलं तरी मशीन स्लीपमधून उठून बसतं. रियलटेकचं कार्ड असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये शटडाऊन वेक-ऑन-लॅन अशी वेगळी ओळ असते, ती पण चालू पाहिजे.

एवढं करून सुरतला आले आणि पहिल्याच रात्री काही नाही. आप्पा दुकानात होते, त्यांना म्हटलं मोबाईलची बॅटरी लावा आणि पीसीच्या मागे बघा, केबल घुसते तिथे हिरवा लाईट दखास का, म्हणजे दिसतो का? गुडघे दुखत असताना माणूस खाली बसला, मागे धूळ, सुतळीचे तुकडे, कुठल्यातरी फाटलेल्या पाकिटातलं सांडलेलं बियाणं, मला फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हणाले, "नही बेटा, काहीच नही शे. राउटरवर चमकी ऱ्हायनं, आठे काही नही." म्हणजे राउटरवर चमकतोय, इथे काही नाही. त्या एका वाक्याने मला जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. पॅकेट पोचत नव्हतं असं नाही, ऐकणारंच मेलेलं होतं.

मग बायोस, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं मदरबोर्डच्या सेटिंगचं पान. व्हिडिओ कॉलवर, आप्पा डिलीट बटण दाबून राहिले आणि मी इकडून वाचून राहिले. तिथे ईआरपी नावाचं सेटिंग चालू होतं. बंद असलेल्या यंत्राने अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये असा युरोपचा नियम २०१३ पासून लागू झाला, त्यासाठी बोर्डवाले हे देतात, चालू असलं की शटडाऊननंतर लॅन कार्डाची वीज पण तोडतात. काही ब्रँडेड मशीनमध्ये त्यालाच डीप स्लीप म्हणतात. ते बंद केलं, पॉवर ऑन बाय पीसीआय-ई चालू केलं, सेव्ह केलं, शटडाऊन केलं. "दखास का?" "हा, हिरवा शे." मी पायवरून कमांड टाकली आणि फोनमध्ये पंख्याचा आवाज आला. "चालू व्हई गया!" मी ते आप्पांच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं.

एक सांगून ठेवते, याच्या आधी एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला होता, हे या बोर्डवर होतच नाही म्हणे, आणि खर्च सांगितला होता त्यात चार पाय आले असते. बायोस उघडून बघितला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. दुकानदाराचा माणूस दिवसभर उभा राहून कमावतो, त्याला न बघता असं सांगू नये, मला त्याचा अजून राग आहे.

जुलैत पुन्हा बंद. काही रात्री उठायचा, काही रात्री नाही. मी रोजची नोंद ठेवली वहीत, तारीख आणि उठला का नाही, आणि दहा दिवसांनी दिसलं की ज्या रात्री आप्पा स्वतः दुकान बंद करतात त्या रात्री उठत नाही, पोरगा करतो तेव्हा उठतो. आप्पा जाताना विजेच्या बोर्डाचं मेन बटण बंद करतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानात रात्री शॉर्टसर्किट झालेलं त्यांनी डोळ्याने बघितलंय, तेव्हापासून सगळं बंद केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. यात त्यांचं चुकत नाही, मी पण तिथे असते तर तेच केलं असतं. मग पाय पण मरायचा, राउटर पण, सगळंच. वायरमनला बोलावून राउटर, पाय आणि पीसी एवढ्यासाठी वेगळी लाईन काढली, तिला वेगळा एमसीबी, बाकी सगळं मेन बटणावर पहिल्यासारखं. आप्पांना समोर उभं करून दाखवलं की बंद पीसीला एखाद दोन वॅट लागतात, नाईट लॅम्पपेक्षा कमी, तेव्हा त्यांचं समाधान झालं. तुमच्याकडे स्पाइक गार्डचं लाल बटण कुणी झाडताना बंद करत असेल तर सगळ्यात आधी ते बघा, सॉफ्टवेअर नंतर.

आणि लाईट, म्हणजे वीज. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते हे सांगायला नको. लाईट जाऊन आली की आमच्या पीसीचा तो हिरवा लाईट लागतच नाही, एकदा विंडोज चालू होऊन नीट बंद झाल्याशिवाय कार्डाला ऐकायचं लक्षातच राहत नाही. सगळ्या बोर्डांचं असं नसतं, पण पुष्कळांचं असतं. यावर बायोसमध्ये लाईट आल्यावर काय करायचं याचं सेटिंग आहे, रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस. लास्ट स्टेट ठेवू नका, आधीची स्थिती बंदच होती म्हणून तो बंदच राहील, पॉवर ऑन ठेवा. लाईट आली की मशीन आपोआप सुरू होतं, आणि रात्री दोनला टास्क शेड्युलरमध्ये शटडाऊन लावलंय म्हणजे रात्रभर तापत बसत नाही आणि नीट बंद झाल्यामुळे कार्ड पुन्हा कान देऊन बसतं. हे लावून आठवडा झाला आणि ऑगस्टच्या एका मोठ्या पावसानंतर परत सगळं गेलं. घड्याळ मागे गेलेलं, बायोसमधलं ईआरपी परत चालू. मदरबोर्डवरचा सेल, नाण्याएवढा सीआर२०३२, मेला होता. तो मेला की लाईट जाईल तेव्हा बायोस कंपनीच्या सेटिंगवर परत जातो, म्हणजे आपण केलेलं सगळं पुसलं जातं आणि आपल्याला वाटतं विंडोजच्या अपडेटने बिघडवलं. चाळीस रुपयांचा सेल. राखीला गेले तेव्हा मी स्वतः कॅबिनेट उघडलं, आत खताच्या बारीक धुळीचा थर इतका की सेल कुठे आहे ते आधी ब्रशने झाडून शोधावं लागलं. बोटाने क्लिप दाबली, जुना काढला, नवा बसवला, सेटिंग परत केली आणि बायोसच्या त्या पानाचा फोटो काढून काउंटरच्या आत चिकटवला.

पायबद्दल तक्रार करायची तर एकच, मेमरी कार्ड. लाईट गेली की हा पण झटक्यात बंद होतो आणि लिहिता लिहिता बंद झाला तर कार्ड खराब होऊ शकतं. माझं एकदा झालं, जुलैत, पूर्ण नव्याने टाकावं लागलं आणि ते फोनवरून कुणाला सांगून होण्यासारखं नव्हतं, मीच रविवारी गाडीने गेले. आता रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगची कमांड) ओव्हरले फाइल सिस्टम चालू केलीय, त्यामुळे तो कार्डावर काही लिहितच नाही, लाईट कितीही वेळा गेली तरी तसाच उठतो. पण ते सगळं सेट झाल्यावर शेवटी चालू करा, नाहीतर त्यानंतर केलेलं काहीच टिकणार नाही. आणि राउटरच्या यूएसबी भोकातून वीज देऊ नका, कमी पडते, चांगला ५ व्होल्ट अडीच अँपिअरचा चार्जर द्या. केबल जुन्या मायक्रो यूएसबीची लागते, घरात पडलेली असतेच.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कमी केलाय तो यासाठी की हे विकत घेऊन डबीतून काढलं आणि चाललं असं नाहीये, लिनक्सच्या काळ्या पडद्यावर चार ओळी टाइप करायची तयारी पाहिजे किंवा घरात कुणी तसं असलं पाहिजे. ज्यांचा पीसी घरातच आहे आणि कुणीतरी बटण दाबू शकतं त्यांनी हे करू नये, गरज नाही. पण ज्यांचे आईवडील गावाकडे एकटे दुकान बघतात आणि हिशेब तुम्ही लांबून करता त्यांनी जरूर करा, आणि पहिल्यांदा जाल तेव्हा पायच्या आधी त्या हिरव्या लाईटकडे बघा.

सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत एक रात्र सोडून रोज उठला. ती एक रात्र दिवाळीच्या साफसफाईत केबल निघाली होती ती. राउटरसाठी बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यायचा राहिलाय, लाईट जाते तेव्हा नेट पण जातं आणि मग पाय जागा असून उपयोग नाही. तो आला की पुढच्या आखाजीला बसवेन, तोपर्यंत आप्पा शटर ओढायच्या आधी स्वतःहून वाकून बघतात आणि मला फोन करतात, "हिरवा शे."